एकाच ट्रॅकची अनेक व्हर्जन्स: परवान्यावर संगीत देणाऱ्यांसाठी सविस्तर तयारी

एडिटरला तुमचे गाणे आवडले म्हणजे ते त्याच्या फिल्ममध्ये बसले असे होत नाही. त्याच्या टाइमलाइनवर ३० सेकंदांची जाहिरात असते. त्यातले १८ सेकंद निवेदकाचे, शेवटचे २ सेकंद कंपनीच्या नावाचे. तुमच्याकडे असते ३ मिनिटे ४० सेकंदांचे गाणे: अंतऱ्यात शब्द गच्च, मध्ये व्हायोलिनचा लांब तुकडा, आणि शेवट विरत विरत जाणारा. तो विचारतो, "गाणे नको, नुसते म्युझिक आहे का?" तुम्ही म्हणता, "उद्या काढून देतो." त्या रात्री दुसऱ्याच कोणाचा ट्रॅक फिल्मवर चढतो.

गोव्यात राहून संगीत करणाऱ्यांकडे अशी विचारणा आता बऱ्याच बाजूंनी येते. हॉटेलांच्या आणि पर्यटनाच्या फिल्म, लग्नाच्या फिल्म, मराठी-कोंकणी लघुपट, माहितीपट. पणजीत २००४ पासून दर वर्षी इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि त्याला जोडून एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार (आता वेव्ज फिल्म बाजार) असतो. तिथे भेटलेला दिल्लीचा किंवा कोचीचा निर्माता दोन महिन्यांनी अचानक फोन करतो आणि त्याला तासाभरात फाइल हवी असते.

म्हणून या लेखात ज्यावर मी पुन्हा पुन्हा येणार आहे ती गोष्ट आधीच सांगतो. व्हर्जन्स मिक्स संपते त्याच दिवशी, सेशन (म्हणजे गाण्याचे सगळे ट्रॅक सुटे असलेली कॉम्प्युटरवरची मांडणी) उघडे असतानाच काढायची. सहा महिन्यांनी तेच सेशन उघडले की एखादा प्लगइन सापडत नाही, एखाद्या रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याची, सेटिंग बदललेली असते, कॉम्प्युटरच बदललेला असतो, आणि जुन्या मास्टरशी (अंतिम फाइलशी) नवे व्हर्जन जुळत नाही. मागणी आल्यावर हे काम काढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

समजायला सोपे जावे म्हणून एकच ट्रॅक डोळ्यांपुढे ठेवू. ताल कहरवा, लय ९६, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. घुमट (मातीच्या भांड्याला कातडे लावलेले गोव्याचे तालवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य), कासाळे (मोठ्या झांजा), व्हायोलिन, गिटार, बेस. एक मुख्य गायिका, चार जणांचा कोरस. सूर काळी चार.

सुरुवात मुद्रणापासून

व्हर्जन्सचे निम्मे काम मुद्रणाच्या दिवशीच ठरून जाते. घुमट आरतीचा मेळ, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा गट, एकत्र बसून वाजवतो आणि तसाच तो सर्वांत जास्त रंगतो. पण एका खोलीत घुमट, शामेळ, कासाळे आणि गाणारे एकदम मुद्रित केले की प्रत्येक माइकमध्ये कासाळ्यांचा आवाज शिरतो. पुढे कोणी "गायन काढून द्या" म्हटले की गायिकेच्या ट्रॅकबरोबर अर्धी कासाळीही जातात, आणि उरलेल्यात गायिका पुसटशी ऐकू येतच राहते.

यावर मला पटलेला मार्ग असा. आधी सगळ्यांचा मिळून एक टेक घ्यायचा. त्यात मेळाचा जोम आणि वाजवण्याचा ढंग पकडला जातो. मग तो टेक कानात देऊन एकेक वाद्य वेगळे घ्यायचे: आधी घुमट, मग शामेळ, कासाळे सगळ्यांत शेवटी आणि दुसऱ्या खोलीत. मेळातल्या जाणत्या माणसाला हे आधीच सांगावे: "काका, पहिल्यांदा सगळे मिळून वाजवूया. मग तुमचे घुमट एकट्याचे घेतो, म्हणजे फिल्मवाल्यांना हवे तसे कमी-जास्त करता येईल." कारण कळले की ही माणसे फार जीव लावून काम करतात. न सांगता एकटे वाजवायला लावले तर मात्र हात आखडतो.

लयीचा प्रश्न याहून नाजूक. आरतीत लय चढत जाते, तिची मजाच त्यात आहे. पण ८८ वर सुरू होऊन १२० वर पोचणाऱ्या ट्रॅकमधून ३० सेकंदांचा तुकडा काढताना सुरुवातीचा मुखडा आणि शेवटचा कळस एकमेकांना जोडता येत नाहीत. जोडलेच तर जोडाच्या जागी पाय अडखळल्यासारखे होते. म्हणून चढत्या लयीचा मूळ टेक गाण्यासाठी ठेवावा आणि त्याशिवाय तोच ठेका क्लिकवर (कानात दिलेल्या स्थिर टिकटिकीवर) तीन स्थिर लयींत, प्रत्येकी दीड-दोन मिनिटे, वेगळा घ्यावा. हे सगळे एकाच बैठकीत उरकावे. पावसाळ्यात कातडे सैल पडते आणि घुमटाचा स्वर उतरतो. चवथीच्या सुमारास घेतलेले घुमट आणि मार्चमध्ये घेतलेले घुमट एकमेकांशेजारी ठेवली तर फरक कोणालाही ऐकू येतो.

गायिकेकडूनही त्याच दिवशी दोन जास्तीच्या गोष्टी घ्याव्यात: पूर्ण चाल शब्दांविना, नुसत्या आलापात, आणि मुखड्याची ओळ दोन-तीन वेगवेगळ्या शेवटांसह. आलापाचे व्हर्जन मराठी न कळणाऱ्या ग्राहकांना फार उपयोगी पडते. मानवी आवाजाची ऊब मिळते आणि शब्द निवेदनाशी भांडत नाहीत.

कोणती व्हर्जन्स आणि ती कोणासाठी

प्रत्येक व्हर्जन ही एडिटरच्या एखाद्या अडचणीवरची सोय असते. ती अडचण डोळ्यांपुढे असली की यादी पाठ करावी लागत नाही.

पहिले अर्थात पूर्ण मिक्स. त्याच्या शेवटाकडे नीट लक्ष द्या. विरत जाणारा शेवट रेडिओसाठी ठीक, पण चित्राला ठाम शेवट हवा असतो: सम, एक ठोका, आणि त्याची आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद. मूळ गाण्यात फेड-आउट असेल तर ठाम शेवटाचे व्हर्जन वेगळे बनवा.

दुसरे, वाद्यसंगीत. इथे एक घाई बहुतेक ठिकाणी ऐकू येते. गायिकेचा ट्रॅक म्यूट केला, फाइल काढली, झाले. पण गाण्याभोवती रचलेल्या साथीतून गाणे काढले की मध्ये पोकळी पडते. अंतऱ्यात गिटार केवळ दोन स्वरांवर घुटमळत असते, कारण तिथे आवाज असणार होता. म्हणून वाद्यसंगीताची दोन रूपे ठेवावीत. एकात गायन नाही आणि चाल व्हायोलिनने उचललेली आहे. हे एकटे ऐकायला पुरे वाटते, शीर्षकांखाली किंवा दृश्यांच्या मालिकेवर चालते. दुसऱ्यात गायनही नाही आणि चालही नाही, फक्त ठेका, बेस आणि गिटार. याला अंडरस्कोर म्हणतात आणि निवेदनाखाली, संवादाखाली हेच लागते.

अंडरस्कोरवर थोडा जास्त वेळ द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. बोलण्याची स्पष्टता साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. व्हायोलिन, हार्मोनियम आणि कासाळ्यांची किणकिण नेमकी त्याच भागात जोरात असते. एडिटर मग संगीताचा आवाजच खाली ओढतो, त्याबरोबर घुमटाचा खर्जही नाहीसा होतो आणि तुमच्या ट्रॅकची ओळखच पुसली जाते. अंडरस्कोरमध्ये तो पट्टा तुम्हीच मोकळा केलात, कासाळी काढलीत, गिटार थोडी मऊ केलीत, तर एडिटर आवाज वरच ठेवतो. घुमट निवेदनाखालून ऐकू येत राहते.

तिसरे, मुख्य गायन नसलेले पण कोरस असलेले. यालाच टीव्ही मिक्स म्हणतात. गायिका प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणार असेल तर ते लागते. जाहिरातीतही "मुखड्याचा कोरस राहू दे, बाकी शब्द नको" अशी मागणी नेहमीची.

चौथे, ठेक्याशिवाय: घुमट-शामेळ-कासाळे काढून. भावुक प्रसंग किंवा सकाळची शांत दृश्ये याने सांभाळली जातात. आणि उलट, फक्त ठेका. गोव्याचे म्हणून काही हवे असलेल्या बाहेरच्या एडिटरला नुसता घुमट-शामेळचा ठेका कधी कधी पूर्ण गाण्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

नुसता आवाज, म्हणजे अकापेला, काढून ठेवावा, पण पहिल्या फेरीत पाठवू नये. तो रिमिक्ससाठी लागतो आणि त्याचे हक्क वेगळे बोलावे लागतात.

सेकंदांचा हिशेब

हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण इथे तालाचे गणित आणि धंद्याचे गणित एकमेकांना भेटतात.

भारतात टीव्हीवरच्या जाहिरातीचा दर १० सेकंदांच्या हिशेबाने ठरतो, म्हणून १०, २० आणि ३० सेकंद ही आपल्याकडची नेहमीची मापे. बाहेरच्या आणि इंटरनेटवरच्या कामासाठी १५ आणि ६० लागतात. यूट्यूबची बंपर जाहिरात ६ सेकंदांची असते.

आता आपला ट्रॅक घ्या. लय ९६, म्हणजे एक मात्रा ०.६२५ सेकंदाची. कहरव्याचे आठ मात्रांचे आवर्तन बरोबर ५ सेकंदांचे. ३० सेकंदांत सहा आवर्तने चपखल बसतात. पण तसे बसवू नका. सहा आवर्तने पूर्ण करून समेवर यायचे तर सम ३०व्या सेकंदाला पडते, आणि तोवर जाहिरात संपलेली असते. शेवटचा ठोका साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस सेकंदांच्या मध्ये पडला पाहिजे आणि त्याची आस साडेएकोणतिसाव्या सेकंदापर्यंत विरली पाहिजे. म्हणून पाच आवर्तने घ्या, म्हणजे २५ सेकंद. त्यावर चार मात्रांची छोटी तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) घ्या, म्हणजे अडीच सेकंद. समेचा ठोका २७.५ वर येतो आणि आसेला दोन सेकंद मिळतात.

९६ लयीची गंमत अशी की हाच नमुना सगळीकडे चालतो. १० सेकंदांसाठी एक आवर्तन आणि तिहाई, ठोका ७.५ वर. १५ साठी दोन आवर्तने आणि तिहाई, ठोका १२.५ वर. २० साठी तीन, ६० साठी अकरा. लय ठरवणे तुमच्या हातात असेल आणि चालीला अपाय होत नसेल, तर मी अशा कामासाठी ९६ किंवा १२० च्या आसपास राहीन.

लय १०४ असेल तर? आवर्तन ४.६२ सेकंदांचे होते. सहा आवर्तनांनंतरची सम २७.७ वर पडते, तिहाईची गरजच नाही. लय ११० असेल तर सहा आवर्तने २६.२ वर संपतात. आस फार लांबते, म्हणून चार मात्रा वाढवून ठोका २८.४ वर आणायचा. दुलपद या गोव्यातल्या गीतप्रकारासारख्या सहा मात्रांच्या चालीत ९६ वर आवर्तन ३.७५ सेकंदांचे. साडेसात आवर्तनांनी २८.१ गाठता येते, फक्त शेवटच्या अर्ध्या आवर्तनाला समेसारखे वजन द्यायला हवे. कागदावर हे गणित दोन मिनिटांचे आहे, ते आधी करा. ट्रॅक ताणून किंवा आवळून सेकंद जुळवू नका. घुमटाच्या ठोक्याची धार त्यात बोथट होते.

कापताना मास्टर फाइल कापायची नाही. सेशनमध्ये गाणे जिथे संपते त्याच्या पुढे मोकळ्या जागेत सगळ्या ट्रॅकचे तुकडे उचलून नवी मांडणी करायची. मास्टर कापली की आधीच्या ओळीचा रिव्हर्ब जोडाच्या जागी तुटतो. सेशनमध्ये केले की प्रत्येक वाद्याचा जोड वेगळ्या जागी लपवता येतो: ठेका समेवर, व्हायोलिन तिच्या ओळीच्या आरंभी, बेस अर्धी मात्रा आधी. छोट्या व्हर्जनमध्ये लांबलचक प्रस्तावना ठेवू नये. ट्रॅकमधली सर्वांत ओळखीची ओळ पहिल्या तीन-चार सेकंदांत ऐकू आली पाहिजे.

याबरोबर दोन-तीन स्टिंग काढा, २ ते ५ सेकंदांचे. नुसती तिहाई आणि सम, किंवा व्हायोलिनची एक ओळ. कंपनीचे नाव झळकते तिथे हेच लागतात. आणि एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारा तुकडा, चार किंवा आठ आवर्तनांचा. लूपची एक युक्ती लक्षात ठेवा. तोच भाग लागोपाठ दोनदा वाजवून दुसऱ्या फेरीचाच तुकडा कापायचा. पहिल्या फेरीच्या शेवटची आस दुसऱ्या फेरीच्या आरंभावर आलेली असते, त्यामुळे लूप फिरताना जोड कळत नाही.

स्टेम

मोठ्या कामात, म्हणजे वेब सिरीज, चित्रपट, किंवा एकाच मोहिमेच्या दहा-बारा फिल्म, ग्राहक स्टेम मागतो. स्टेम म्हणजे सेशनमधले तीस-चाळीस ट्रॅक नव्हेत. वाद्यांचे पाच ते आठ गट करून प्रत्येकाची एक स्टीरिओ फाइल. आपल्या ट्रॅकचे मी सात करीन: घुमट-शामेळ, कासाळे, बेस, गिटार, व्हायोलिन, मुख्य गायन, कोरस. कासाळी घुमटापासून वेगळी ठेवण्याचे कारण वर आलेच आहे. निवेदनाखाली सर्वांत आधी तीच काढायची असतात.

सगळे स्टेम एकाच बिंदूपासून सुरू झाले पाहिजेत आणि एकाच लांबीचे असले पाहिजेत, गायिका ४०व्या सेकंदाला गायला लागत असली तरी. एडिटरने सगळे शून्यावर टाकले की ट्रॅक आपोआप जुळला पाहिजे. प्रत्येक स्टेममध्ये त्याचा त्याचा रिव्हर्ब असला पाहिजे. रिव्हर्बची वेगळी फाइल देऊ नका, कारण गायन काढल्यावर गायनाचा रिव्हर्ब मागे राहतो. आणि एकेक स्टेम नॉर्मलाइज, म्हणजे आपापल्या कमाल पातळीपर्यंत मोठा, मुळीच करू नका. मिक्समधला परस्परांचा तोल त्यात नाहीसा होतो.

खरी अडचण मास्टर बसवरच्या, म्हणजे सगळे ट्रॅक शेवटी एकत्र येतात त्या वाटेवरच्या, कंप्रेसरची. तो सगळ्या वाद्यांच्या एकत्रित जोराप्रमाणे आवाज दाबतो. बेस एकटा वाजवून काढला की कंप्रेसर वेगळे वागतो आणि सगळे स्टेम एकत्र केल्यावर मूळ मिक्स मिळत नाही. दोन वाटा आहेत. एक, स्टेम काढताना मास्टर बसवरची सगळी साधने बंद करायची आणि सोबत तशाच बिनमास्टर मिक्सचीही फाइल द्यायची. दोन, कंप्रेसरच्या साइडचेनला (किती दाबायचे हे ज्यावरून ठरते त्या इनपुटला) पूर्ण मिक्स जोडायचे, म्हणजे स्टेम एकटा असला तरी दाब पूर्ण मिक्सप्रमाणेच पडतो. पहिली वाट सोपी आणि स्वच्छ आहे. मी तीच घेतो आणि त्यासाठी मिक्स करतानाच मास्टर बसवर फार काही चढवत नाही.

तपासणी कानावर सोडू नये. नव्या सेशनमध्ये सगळे स्टेम शून्यावर ठेवा, त्यांच्याखाली बिनमास्टर पूर्ण मिक्स ठेवा, मिक्सची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे सारखे आवाज एकमेकांना रद्द करतील, आणि वाजवा. शांतता पसरली तर स्टेम बरोबर. व्हायोलिन ऐकू आली तर ती कुठेतरी सुटली आहे किंवा दोनदा आली आहे. कोरसमध्ये कोरस-इफेक्ट किंवा हलणारे मॉड्युलेशन असेल तर थोडी सळसळ राहते, ती चालते.

एक धोका फारसे कोणी बोलत नाही. विकत घेतलेल्या सँपल पॅकमधला ड्रम लूप तुम्ही वापरला असेल, तर अनेक पॅकच्या परवान्यांत तो लूप एकटा, सुटा असा पुढे देण्याला मनाई असते. पूर्ण गाण्यात तो चालतो, पण स्टेममध्ये एकटाच उरला की परवाना मोडतो. अशा लूपला इतर तालवाद्यांबरोबर एकाच स्टेममध्ये मिसळा, किंवा त्या जागी खरे वाद्य वाजवून घ्या. दुसरा उपाय कष्टाचा आहे, पण ट्रॅक कायमचा तुमचा होतो.

मुद्रणातच वेगळे न घेतलेल्या जुन्या गाण्यांसाठी आता आवाज आणि वाद्ये सुटी करणारी सॉफ्टवेअर आली आहेत. चालीची कल्पना द्यायला ती ठीक आहेत. पैसे घेऊन द्यायच्या फाइलसाठी मी ती वापरणार नाही. कासाळ्यांसारख्या वाद्यांवर पाण्याखालून आल्यासारखा थरथराट राहतो आणि चांगल्या स्टुडिओत तो लगेच ऐकू येतो.

फाइलचे आकडे

वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चित्रासाठी ४८ हेच प्रमाण आहे, ४४.१ हे सीडीचे. सेशन ४८ वरच सुरू करावे, म्हणजे नंतर बदलावे लागत नाही. ऐकवण्यासाठी ३२० केबीपीएसची एमपी३.

लाउडनेसबद्दल गैरसमज खूप आहेत. एलयूएफएस हे आवाजाच्या सरासरी जोराचे माप; युरोपातील प्रक्षेपणाचे प्रमाण उणे २३ एलयूएफएस, अमेरिकेचे उणे २४. ते पूर्ण कार्यक्रमाचे असते, संवादांसह. ते जुळवणे हे फिल्मच्या साउंड मिक्सरचे काम. तुम्ही संगीत उणे २३ वर आणून द्यायचे नाही आणि लिमिटरने चेचूनही द्यायचे नाही. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचे सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबलच्या आत ठेवा आणि ठोक्यांना श्वास घेऊ द्या. महत्त्वाचे हे की सगळ्या व्हर्जन्सची पातळी पूर्ण मिक्सशी जुळती असावी. एडिटर मध्येच गायनावरून अंडरस्कोरवर उडी मारतो, तेव्हा घुमटाचा आवाज तोच राहिला पाहिजे. वाद्यसंगीत वेगळे मास्टर करून जास्त जोरात केले की ही उडी फसते.

फाइलच्या सुरुवातीला मोकळी जागा नको, पहिला ठोका लगेच यावा. शेवटी मात्र आस पूर्ण विरू द्या.

नाव आणि माहिती

फाइलचे नाव रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता, खालच्या रेघेने जोडून. वाचायला सोपे जावे म्हणून इथे नागरीत लिहितो, पण क्रम हा ठेवावा: ट्रॅकचे नाव, व्हर्जन, लांबी, लय, सूर. म्हणजे "नदीकाठ_अंडरस्कोर_३०से_९६_जीशार्प". "फायनल", "फायनल२", "नवीनफायनल" असली नावे ग्राहकापर्यंत जाता कामा नयेत.

सूर लिहिताना काळी चार न लिहिता जी शार्प लिहा. मेळात काळी चार सांगितले की हार्मोनियमवाला क्षणात पट्टी धरतो, पण मुंबई किंवा लंडनच्या एडिटरला दोन ट्रॅक एकमेकांना जोडायचे असतात आणि त्याचे सॉफ्टवेअर पाश्चात्त्य नाव मागते.

वेव्ह फाइलमध्ये भरलेली माहिती प्रत्येक सॉफ्टवेअरला दिसतेच असे नाही. एमपी३ आणि एआयएफएफमध्ये ती जास्त भरवशाने टिकते. म्हणून तिन्ही ठिकाणी भरा: फाइलच्या आत, फाइलच्या नावात, आणि सोबतच्या एका तक्त्यात. तक्त्यात संगीतकार, गीतकार, प्रत्येकाचा टक्क्यांतला वाटा (बेरीज १०० झालीच पाहिजे), आयपीआय क्रमांक (रचनाकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), आयएसआरसी, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याचा फोन व ईमेल. आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक. भारतात त्याचे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. गाणे आणि त्याचे वाद्यसंगीत ही दोन वेगळी ध्वनिमुद्रणे धरली जातात, त्यांचे क्रमांकही वेगळे.

वर्णन दोन ओळींचे असावे आणि त्यात वाद्यांची नावे यावीत. घुमट हा शब्द शोधणारा ग्राहक तुमच्यापर्यंत त्याच शब्दाने पोचेल. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केले. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद आहे आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. तुमचे वाद्य बकऱ्याच्या कातड्याचे असेल तर तेही वर्णनात लिहा. निसर्गावर माहितीपट करणारे हे विचारतात, आणि उत्तर आधीच लिहिलेले असले की त्यांचा विश्वास बसतो.

गाण्याचे शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजी अर्थासह एका पानावर द्या. कोणती ओळ आपल्या मालाच्या नावाशेजारी ऐकू येणार आहे, हे ग्राहकाच्या वकिलाला कळायलाच हवे.

हक्क

परवाना दोन गोष्टींचा लागतो: रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल, आणि ध्वनिमुद्रणाचा. दोन्ही तुमच्याकडे असतील तर ग्राहकाला एकाच ठिकाणी सही मिळते आणि तो तुम्हाला पसंती देतो. त्यासाठी गायिका, वादक आणि कोरसमधल्या प्रत्येकाशी लेखी करार हवा. ओळखीचा मेळ आहे, गावचीच मुले आहेत, म्हणून तोंडी ठेवू नका. करारात जाहिरात, चित्रपट, इंटरनेट हे वापर आणि मिळणाऱ्या पैशांतला वाटा स्पष्ट लिहा. मानधन घेऊन वाजवणाऱ्या काकांना पुढे त्यांचे घुमट टीव्हीवर ऐकू आले तर त्यांना आनंदच वाटला पाहिजे.

पारंपरिक रचनेबद्दल विशेष सावध असा. तुकारामांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, पण चाल कोणाची हे पाहावे लागते. भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. आपल्याच मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी बांधलेल्या चालींवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे. देवळात ती चाल सगळे गातात म्हणून ती मोकळी होत नाही. खरोखर पारंपरिक चाल असेल तर "पारंपरिक, मांडणी अमुक" असे लिहा. नवी मांडणी तुमची आहे, मूळ चाल नाही.

परवान्याच्या करारात मुदत आणि प्रदेश लिहिलेच पाहिजेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे, तो सोडून देण्याच्या कलमावर सही करू नका. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्य असाल तर सदस्यत्वाच्या करारात कोणते हक्क संस्थेकडे दिले आहेत ते वाचूनच ग्राहकाला शब्द द्या.

आणि कोणत्या कामाला ट्रॅक द्यायचा नाही, हेही आधी ठरवा. आरतीच्या मेळाने मनापासून वाजवलेला ठेका मांडवीतल्या कॅसिनोच्या किंवा दारूच्या जाहिरातीत, नाहीतर निवडणुकीच्या प्रचारात वाजावा का? माझे उत्तर नाही असे आहे. तुमचे वेगळे असू शकेल, पण ते मेळाला विचारून ठरलेले असावे आणि करारात लिहिलेले असावे.

पाठवणे आणि त्यानंतर

पहिल्या ईमेलमध्ये सगळे ओतू नका. एक लिंक, लॉगिन न लागणारी, तिच्यात तीन एमपी३: पूर्ण मिक्स, अंडरस्कोर, ३० सेकंदांचे व्हर्जन. खाली एक ओळ: बाकी व्हर्जन्स, स्टेम आणि वेव्ह तयार आहेत. आठ दिवसांत संपणारी लिंक देऊ नका, निर्माते दोन महिन्यांनी उघडतात.

ट्रॅक डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओतले संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, गेला असेल तर ग्राहकाला आधी सांगा. नाहीतर त्याने पैसे देऊन घेतलेल्या संगीतावर त्याच्याच व्हिडिओला दावा येतो. करार होताच त्याचे चॅनल मोकळे करून घ्यायचे, आणि ते कसे होते हे डिस्ट्रिब्युटरकडून आजच समजून घ्या. परवान्यावर संगीत देणाऱ्या काही लायब्ररी कंटेंट आयडीत नोंदलेले ट्रॅक घेतच नाहीत.

फिल्म प्रसारित होण्याआधी निर्मात्याकडून क्यू शीट मागा. त्यात कोणता ट्रॅक किती सेकंद, कोणत्या प्रकारे वाजला आणि रचनाकार कोण, हे लिहिलेले असते. प्रसारणाची रॉयल्टी त्यावरूनच ठरते. एडिटर क्यू शीटमध्ये तुमच्या फाइलचे नाव जसेच्या तसे उतरवतो. म्हणून आयपीआरएसकडे नोंदवलेले नाव, फाइलवरचे नाव आणि क्यू शीटवरचे नाव अक्षर न अक्षर एकच आहे का ते स्वतः ताडून पाहा, आणि वेगळे असेल तर त्याच दिवशी निर्मात्याला दुरुस्त करून पाठवायला सांगा.